यादीत नसलेले सिनेमे शोधता कुठून? आणि दुसऱ्याला बघायला कसे लावता?

शेवटची_रांग
लोकहो, 'ऑफबीट सिनेमे' म्हणून कुठलीही यादी उघडली की तेच पंधरा-वीस सिनेमे असतात, ते सगळे बघून झालेत, आणि ॲप तर मी आधी पाहिलेल्यासारखंच काहीतरी पुढे करत राहतं. मागच्या महिन्यात मित्राच्या हार्ड डिस्कवर क्रिस मार्करचा 'ला जते' (१९६२) सापडला. २८ मिनिटं फक्त, जवळजवळ सगळा स्थिर फोटोंचा, आणि मधेच एका ठिकाणी झोपलेली बाई डोळे उघडते, तेवढंच काय ते हलतं. मी अक्षरशः श्वास रोखून बसलो होतो!! असं काहीतरी हवंय. आणि दुसरं म्हणजे मी कोणाला इतकं जीव तोडून सांगितलं की "हो हो बघतो" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. तुम्ही काय करता?

निगेटिव्ह_७१
मी हरवून सापडलेल्या सिनेमांच्या मागे असते. एक गोष्ट पक्की लक्षात आलीये, सिनेमा कोणी पाहिलेला नसतो तेव्हा बऱ्याचदा त्यात सिनेमाचा काही दोष नसतो. चार्ल्स बर्नेटचा 'किलर ऑफ शीप' हा त्याचा कॉलेजातला थिसिस, ७० च्या दशकात केलेला, पण त्यातल्या गाण्यांचे हक्क घ्यायला पैसे नव्हते म्हणून थेटरात रीतसर लागायला २००७ उजाडलं. 'वेक इन फ्राइट' (१९७१) ऑस्ट्रेलियाचा, त्याची निगेटिव्ह (जिच्यावरून प्रिंट काढतात ती मूळ फिल्म) मिळेचना, संपादकाने वर्षानुवर्षं शोध घेतला आणि शेवटी ती अमेरिकेत पिट्सबर्गच्या एका गोदामात मिळाली, नष्ट करायच्या मालात ठेवलेली. मग २००९ मध्ये कान महोत्सवात परत दाखवला. आपल्याकडचंच बघायचं तर कमल स्वरूपचा 'ओम दर-ब-दर' १९८८ चा, थेटरात आला २०१४ ला.

म्हणून मी 'बेस्ट ऑफ' याद्या बघतच नाही, रिस्टोर केलेल्या, म्हणजे जुन्या खराब प्रिंट दुरुस्त करून परत आणलेल्या सिनेमांच्या याद्या बघते. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीने त्याच कामासाठी २००७ मध्ये वर्ल्ड सिनेमा फाउंडेशन सुरू केलं (आता वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्ट म्हणतात), त्यांची यादी काढ. सेनेगलचा 'तुकी बुकी' (१९७३) मला तिथेच भेटला. बैलाची शिंगं लावलेल्या मोटरसायकलवर दोघं पॅरिसला पळून जायची स्वप्नं बघत फिरतात, आणि संकलन असलं आहे की मधेच वाटतं रीळ उलटसुलट लागलं की काय, पण थांबू नको, बघत राहा.

जंपकट
निगेटिव्ह_७१ ला +१. माझी पद्धत सोपी आहे, आवडलेल्या सिनेमाचं बोट धरून पुढे जायचं. 'ला जते' आवडलाय तर काळाशी खेळणारे बघ. 'प्रायमर' (२००४) साधारण ७ हजार डॉलरमध्ये केला, लेखन, दिग्दर्शन, संकलन, संगीत, मुख्य काम सगळं एकट्या शेन कॅरुथचं, आणि अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक! पात्रं आपापसात इंजिनिअरसारखी बोलतात, आपल्याला कोणी काही समजावत नाही. तसाच 'कोहिरन्स' (२०१३), दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत शूट केला. नटांना पूर्ण स्क्रिप्ट दिलीच नव्हती, ज्याला त्याला रोज आपापल्यापुरती चिठ्ठी, त्यामुळे चेहऱ्यावरचा गोंधळ खरा आहे.

तिसरी_घंटा
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. "मास्टरपीस आहे" असं सांगितलं की समोरच्याला तो अभ्यास वाटायला लागतो. मी गोष्ट सांगत नाही, एखादा प्रश्न विचारतो. जपानी दिग्दर्शक कोरे-एदाचा 'आफ्टर लाइफ' (१९९८) आहे, त्यात मेलेल्या माणसांना आयुष्यातली एकच आठवण निवडून सोबत नेता येते. कोरे-एदाने आधी कितीतरी साध्या माणसांना हाच प्रश्न विचारला होता आणि त्यातले काही जण सिनेमातही आहेत. मी आत्याला नुसतं विचारलं, आत्या तू कुठली नेशील? ती अर्धा तास बोलत होती, तिच्या लग्नाआधीचं काय काय सांगितलं जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि मग तिनेच विचारलं, कुठे आहे तो सिनेमा.

फिकट_प्रिंट
थोडं वेगळं मत. सिनेमा संथ असेल तर संथ आहे म्हणून सांगा, लांबी सांगा, सबटायटल्स आहेत हेही सांगा. मी एकाला 'हाउसू' (१९७७) नुसता "जपानी भुताचा सिनेमा" म्हणून दिला. दिग्दर्शक ओबायाशीने त्यातल्या कल्पना आपल्या लहान मुलीकडून घेतल्या होत्या, पियानो मुलीला खातो वगैरे, मला हा सिनेमा भयंकर प्रिय आहे, पण तो मित्र बिचारा घाबरायच्या तयारीने बसला होता. त्यानंतर त्याने माझं काही बघितलं नाही. आणि एका वेळी एकच नाव द्या हो, दहा नावं दिली की माणूस एकही बघत नाही.

शेवटची_रांग
सगळ्यांचे खूप आभार! तिसरी_घंटा, काल रात्री जेवताना आईला तो प्रश्न विचारला. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली पहिल्यांदा सायकल चालवली ती संध्याकाळ, मागून आजोबांनी कधी हात सोडला ते कळलंच नाही. शनिवारी दोघं 'आफ्टर लाइफ' बघतोय. फक्त एक, तिला बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, लॅपटॉपवर सबटायटल्स मोठी करता येतात का?

जंपकट
येतात की. व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर) मध्ये टूल्स, मग प्रेफरन्सेस, तिथे सबटायटल्सच्या टॅबमध्ये फॉन्ट साइज आहे. सेव्ह करून प्लेअर एकदा बंद करून चालू कर. आईंना काय वाटलं ते नक्की लिही.