मुंग्या कुठे राहतात हे हवामान ठरवतं, की पायाखालचा पाचोळा?

डोंगळा (धागाकर्ता):
एखाद्या भागात मुंग्यांच्या किती जाती असतील याचा अंदाज बांधायचा, तर आधी तापमान बघावं आणि मग अधिवास, असं माझं ठाम मत आहे. वर्णन झालेल्या १४,००० हून अधिक जातींपैकी बहुतांश उष्ण प्रदेशातल्या. पेरूच्या तांबोपाता जंगलात एकाच झाडावर ४३ जाती मिळाल्या, म्हणजे साऱ्या ब्रिटिश बेटांवर मिळून असतात जवळजवळ तितक्याच. याउलट अंटार्क्टिका, ग्रीनलंड, आइसलँड इथे मूळची एकही जात नाही. मुंगी मोठी झाली की थंडी काढते, पण अळीला वाढायला ऊब लागतेच. उन्हाळा आखूड असेल तर वाढ अर्धवट राहते. उत्तरेकडच्या रानातल्या फॉर्मिका मुंग्या पाइनच्या सुया रचून घुमटासारखं वारूळ करतात, ते या उबेसाठीच.

पाचोळा:
असहमत. हवाई बेटं घ्या. हवामान मुंग्यांना अगदी मानवणारं, तरी तिथे मूळची एकही जात नाही असंच मानलं जातं. आज तिथे पन्नासच्या वर जाती आहेत, त्या माणसाच्या सामानाबरोबर आलेल्या. पानं कापून बुरशी पिकवणाऱ्या अट्टा मुंग्या फक्त अमेरिका खंडांत आहेत. आफ्रिकेतली दमट जंगलं त्यांना नकोशी झाली असती असं नाही, त्या तिथे पोचल्याच नाहीत.

दुसरं, तुम्ही कुठलं तापमान धरताय? नकाशातला आकडा जमिनीपासून दीडेक मीटर उंचीवरच्या, सावलीतल्या हवेचा असतो. सहाराची चंदेरी मुंगी भरदुपारी काही मिनिटंच बाहेर पडते, तेव्हा वाळू ६० अंशांपुढे तापलेली असते आणि तिचं घर मात्र खाली थंड मातीत. आणि त्याच आइसलँडमध्ये फेरो मुंगी गरम ठेवलेल्या इमारतींत राहते. एकाच अक्षांशावर दोन वेगळी हवामानं झाली ही.

डोंगळा:
हवाईचा मुद्दा मान्य. इतिहासामुळे जागा रिकामी राहू शकते. पण जात पोचल्यावर कुठवर पसरेल? लाल आगमुंगी, सोलेनोप्सिस इन्व्हिक्टा, १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरातून अमेरिकेत शिरली आणि दक्षिणेकडची राज्यं व्यापत गेली. उत्तरेकडे तिला हिवाळ्याने अडवलं.

पाचोळा:
आणि पश्चिमेकडे कोरडेपणाने! तिथे ती पाणी दिलेल्या जमिनीच्या आधारानेच टिकते. अर्जेंटिना मुंगीचंही तेच. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या दक्षिण भागात ती ओढ्याकाठी आणि शिंपण होणाऱ्या बागांत दिसते, बाजूच्या सुक्या झुडपांत विरळ होते. मुंगी जितकी लहान तितकं वजनाच्या मानाने अंगाचं पृष्ठफळ जास्त, म्हणून ती लवकर सुकते. डोंगरांवरही पायथा उष्ण पण कोरडा असेल तर सर्वाधिक जाती मध्यावर मिळतात. नुसत्या तापमानाने हे उलगडत नाही.

चिमटा:
दोघांनाही एक विचारायचंय: हे आकडे कोणत्या सापळ्याने मिळाले? या वादातला बराच भाग तिथेच मिटतो.

पाचोळ्यातल्या मुंग्यांसाठी रूढ पद्धत अशी: २०० मीटरची रेषा, दर १० मीटरवर १ चौरस मीटरचा चौकोन, असे २०. त्यातला पाचोळा चाळून विंकलर पिशवीत ४८ तास टांगायचा. तो सुकत जातो तशा मुंग्या जाळीतून बाहेर पडून खालच्या अल्कोहोलच्या भांड्यात गळतात. जोडीला २० खड्डा-सापळे, म्हणजे जमिनीत कडेपर्यंत पुरलेली भांडी, तेही ४८ तास.

चुका ठरलेल्या आहेत. पाऊस पडल्या पडल्या चाळलं तर ओला पाचोळा चाळणीला चिकटतो आणि पिशवीतही नीट सुकत नाही. खड्ड्याच्या भांड्याची कड जमिनीच्या किंचित वर राहिली की बारीक मुंग्या कडेवरून परततात. खणल्याबरोबर सापळा उघडला तर हादरलेल्या वारुळातल्या मुंग्या धडाधड पडतात, म्हणून आधी काही दिवस झाकण लावून ठेवावं. दाट पाचोळ्यात खड्डा-सापळा कमी पकडतो, उघड्या जमिनीवर जास्त. त्यामुळे नुसत्या खड्ड्यांवरून जंगल आणि माळरान यांची तुलना करूच नये. झाडाच्या शेंड्यावरच्या मुंग्या या दोन्हींत जवळपास येतच नाहीत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मुंग्या मोजणं. सापळ्याशेजारी वारूळ असेल तर एकाच जातीच्या शेकडो पडतील. किती सापळ्यांत ती जात आली, तेवढंच मोजा.

डोंगळा:
पद्धतीबद्दल पूर्ण सहमत. पण पाचोळा, ओलावाच निर्णायक असेल तर ऑस्ट्रेलियाच्या निमशुष्क झुडपी रानात एका हेक्टरात शंभराच्या आसपास जाती कशा?

पाचोळा:
हा प्रश्न माझ्या बाजूला जड जातो, हे कबूल. ओलाव्याने जागेची निवड कळते, पण एका जागी इतक्या जाती मावतात कशा हे कळत नाही. वेळेच्या वाटणीने थोडं उलगडतं. मेलोफोरस मुंग्या ऐन तापल्या उन्हात फिरतात, कॅम्पोनोटसच्या कित्येक जाती रात्री. एकच जमीन, पण प्रत्येकीच्या वाट्याला येणारं तापमान वेगळं.

चिमटा:
म्हणूनच तिथे सकाळी तासभर आमिष ठेवून केलेली मोजणी फसते. इरिडोमायर्मेक्स मुंग्या टोळीने येतात, आमिष बळकावतात, आणि यादीत त्याच दिसत राहतात. सापळे पूर्ण दिवस-रात्र उघडे हवेत, आणि जमिनीच्या पृष्ठावरचं तापमान दर तासाला नोंदवणारा छोटा यंत्रसंच तिथेच पुरलेला हवा.