रत्नागिरी: भाड्याच्या गाडीचं 'प्रोटेक्शन' घ्यायचं का? लवकर सांगा

वैतागलेला_बंड्या
घाईत लिहितोय, गाडीवाला समोर उभा आहे. दोन रेट सांगतोय. १० हजार डिपॉझिट, किंवा ३ हजार डिपॉझिट आणि वर दिवसाला ४०० 'प्रोटेक्शन'. म्हणे गाडीला फुल इन्शुरन्स आहे. मग ४०० कशाचे? चार दिवस हवी आहे. बाबा चिडलेत, पटकन सांगा.

खाडीपलीकडे
कुठे कुठे जाणार ते लिहा की! गुहागरला जाणार असाल तर जयगड-तवसाळ फेरीबोटीने जा, गाडी बोटीत चढते, मोठा वळसा वाचतो.

वैतागलेला_बंड्या
फेरीबोटीबद्दल कुठे विचारलंय? मालवणला जाणार आहोत. विम्याचं सांगा.

जुना_सर्व्हेअर
गाडी कंपनीची की गावातल्या कुणाची? नंबरप्लेट कुठल्या रंगाची? हे कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगितलं तरी ते अंदाजपंचे.

न्यूजर्सीचा_नाना
इथे अमेरिकेत आम्ही सीडीडब्ल्यू (गाडीवाल्यांचं असंच जादा पैशांचं 'प्रोटेक्शन') कधीच घेत नाही. चांगल्या क्रेडिट कार्डावर भाड्याच्या गाडीचं नुकसान कव्हर होतं, फक्त भाडं त्याच कार्डावर भरायचं. कार्ड कुठलं आहे तुमचं?

कोकणकन्या_लेट
नाना, ते रत्नागिरीत आहेत आणि समोरचा जीपेवर पैसे मागत असणार.

वैतागलेला_बंड्या
प्लेटचा काय संबंध? सात सीटर आहे, गावातल्याच माणसाची. बरं, बघून येतो.

जुना_सर्व्हेअर
तोवर ४०० चं सांगतो. 'प्रोटेक्शन' म्हणजे विमा नव्हे. तो तुमच्यातला आणि त्याच्यातला करार: गाडीला काही झालं तर तुमच्याकडून अमुक रकमेपर्यंतच घेईन. विमा मालकाचा, क्लेमही मालकच करणार. बंपर घासला, सहा हजारांचं काम निघालं, तरी तो क्लेम करणार नाही. केला तर त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि तो २० पासून ५० टक्क्यांपर्यंत असतो. शिवाय प्रत्येक क्लेममधले पहिले १००० (१५०० सीसीच्या वर २०००) विमा कंपनी देतच नाही. म्हणून तो तुमच्या डिपॉझिटमधून कापून मोकळा होतो. गाडी गॅरेजमध्ये पडली त्या दिवसांचं बुडालेलं भाडंही मागतात, ते साध्या पॉलिसीत बसत नाही. तेव्हा ४०० देण्याआधी विचारा: जास्तीत जास्त किती भरावे लागतील, आणि त्यातून काय काय वगळलंय? टायर, काच, गाडीचं पोट बहुतेक वेळा वगळलेलं असतं. लेखी घ्या.

झिरोडेप_भक्त
एवढं कशाला? झिरो डेप आहे का विचारा, असेल तर डोळे मिटून घ्या. माझ्या गाडीचं बोनेट बदललं, मला जवळपास काही भरावं लागलं नाही.

जुना_सर्व्हेअर
ती तुमची गाडी होती हो. झिरो डेपने सुट्या भागांचा घसारा कापला जात नाही, एवढंच. भाड्याने घेणाऱ्याचं डिपॉझिट त्याने वाचत नाही.

वैतागलेला_बंड्या
बघून आलो. पांढरी प्लेट, काळी अक्षरं. म्हणतो 'घरचीच गाडी आहे, तुम्ही निश्चिंत राहा'.

जुना_सर्व्हेअर
मग निश्चिंत राहू नका. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असतात. पांढरी म्हणजे खासगी, आणि खासगी पॉलिसीत गाडी भाड्याने देणं बसत नाही. मोठा अपघात झाला तर विमा कंपनी गाडीचं नुकसान नाकारू शकते. समोरच्या माणसाला भरपाई अनेकदा कंपनीला आधी द्यायला लावतात, मग ती वसूल करायला मालकाच्या मागे लागते. आणि मालक तुमच्या.

देवगडचा_हापूस
उगाच घाबरवू नका. आमच्याकडे सगळे असंच देतात. विचारलं तर मित्राची गाडी म्हणायचं, संपलं.

जुना_सर्व्हेअर
मित्राला जीपेवर भाडं पाठवलंय, ते दिसत नाही होय? क्लेमच्या फॉर्मवर खोटं लिहिलं की जो मिळाला असता तोही बुडतो. आयुष्यभर हेच बघितलंय.

देवगडचा_हापूस
आयुष्यभर लोकांचे क्लेम बुडवलेत असं सरळ म्हणा.

तारकर्लीकर
भांडान नको. बंड्या, मालवणाक येतास तर गाडी वाळूत घालू नको. भरतीचा पाणी आत शिरला तर परत सेल मारू नको, इंजिन जातला. आणि आमच्याकडचे रस्ते अरुंद, बाजूक चिऱ्यांचे गडगे. घासतलीच.

जुना_सर्व्हेअर
+१. पाणी गेलेलं असताना सेल मारून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते येत नाही, वेगळं इंजिन प्रोटेक्ट लागतं. आणि किनाऱ्यावर गाडी नेली की बहुतेक करारांत तुमचं 'प्रोटेक्शन'ही रद्द. कुठलीही गाडी घ्या, निघण्याआधी चारही बाजूंनी आणि खालून व्हिडिओ काढा, मालकाचा आवाज त्यात येऊ द्या.

कोकणकन्या_लेट
अवांतर: मालवणात सुरमई थाळी सध्या कितीला आहे?

वैतागलेला_बंड्या
काळ्या प्लेटची मिळाली. ३०० जास्त, पण जास्तीत जास्त ५ हजारच भरावे लागतील असं कागदावर लिहून दिलंय, व्हिडिओपण काढला. फक्त ती पाच सीटर आहे आणि आम्ही सहा. (हे आधी सांगायला हवं होतं, माहिती आहे.)

जुना_सर्व्हेअर
सहाव्याला मांडीवर बसवू नका, क्लेमच्या वेळी नवं भांडण.

वैतागलेला_बंड्या
नाही बसवत. सहावा मीच. बाबा गाडी घेऊन पुढे गेले, मी रत्नागिरी स्टँडवर उभा आहे.

तारकर्लीकर
एसटीच्या तिकिटात रुपयाभर अपघात सहाय्यता निधीचो असता. घेतलंस बघ प्रोटेक्शन.