मदत हवी आहे: उथळ रॅम्पवरून फिक्स्ड कीलची बोट पाण्यात कशी सोडायची?

मंडळी, डॅलसजवळच्या लुइसव्हिल तलावावर आमची कॅटालिना २२ ही शिडाची बोट उतरवायची आहे. कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचं जड पातं, उचलता न येणारी, म्हणजे साडेतीन फूट पाणी तिलाच लागतं. ट्रेलरवर कील जमिनीपासून १० इंच वर बसते, तेव्हा किमान ४ फूट ४ इंच हवेत.

रॅम्पचा उतार १० फुटांना जेमतेम सव्वा फूट. ट्रेलरला ८ फुटांचा जोडदांडा लावून गाडीची मागची चाकं पाण्याला टेकेपर्यंत मागे घेतली. मागची बाजू जरा हलली, पण कील फळीवरून सुटेना. हिशेबाने ट्रेलर आणखी १२ फूट आत जायला हवा. आणि खरी धास्ती इथेच आहे: बांबूने चाचपलं तर काठापासून ४० फुटांवर काँक्रीट संपतं, पुढे खड्डा. चाकं त्यात गेली तर ट्रेलर बाहेर कसा काढणार?

इथे क्रेन नाही. डोलकाठी आडवीच आहे, आम्ही दोघंच असतो.

ट्रेलर हिचवरून (गाडीमागच्या जोडावरून) सोडून, त्याच्या पुढच्या चाकावर, दोराने आत सोडणं कुणी केलंय का? दोर की पट्टा, किती जाडीचा? आणि चाकं खड्ड्याआधी नेमकी कशी थांबवता?