छाती हलतेय, मग माणूस गेला असं कसं मानायचं?

रातराणी:
मामेभाऊ अपघातानंतर मेंदूमृत (ब्रेन डेड) झाला, म्हणजे मेंदू कायमचा बंद, श्वास फक्त व्हेंटिलेटरवर. त्याने अवयवदानाचा फॉर्म भरला होता, तरी मामीने नाही म्हटलं आणि विषय संपला. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात लेखी इच्छेला मान आहे, पण प्रत्यक्षात जवळच्या नातलगांच्या सहीशिवाय हॉस्पिटलं पुढे जात नाहीत. माझं मत ठाम आहे: जाणाऱ्याने लिहून ठेवलं असेल तर घरच्यांना नकाराचा हक्क नसावा.

मुक्काम पोस्ट कराड:
अजिबात पटलं नाही. अंग कोमट आहे, मॉनिटरवर ठोके दिसतायत आणि त्या आईला सांगायचं, तुमचा मुलगा गेला? तिला डावलून त्याला ऑपरेशनला नेलंत, तर उद्या त्या गावात एक माणूस फॉर्म भरणार नाही.

आयसीयूतली सिस्टर:
बुद्धीला पटतं पण मन धजत नाही, हे मी कॉटशेजारी उभी राहून बघते. मेंदूमृत ठरवायला चार डॉक्टरांचं पॅनेल असतं, तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. डोळ्याच्या बुबुळाला कापूस लावतात, पापणी मिटत नाही. शेवटी व्हेंटिलेटर काढून नुसता ऑक्सिजन सोडतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो, एरवी माणूस धडपडून श्वास घेईल इतका, पण छाती उचलत नाही. हृदयाला मात्र ठोके द्यायला मेंदूचा हुकूम लागत नाही, म्हणून व्हेंटिलेटरवर ते काही काळ चालू राहतं. माझ्या मते ही तपासणी नातलगांना डोळ्यांनी बघू द्यावी. नुसतं तोंडी सांगून कुणाचं मन मानत नाही.

रातराणी:
ताई, बघू द्याच. पण काढलेलं हृदय साधारण चार तासांत दुसऱ्याच्या छातीत बसवावं लागतं. यादीत नाव लागलेल्या पोराचीही आई बाहेर बाकड्यावर बसलेली असते. तिच्या बाजूने कोण बोलणार?

मुक्काम पोस्ट कराड:
तिच्यासाठी माझाही जीव तुटतो. तरी जबरदस्तीची सही नको. तुमच्या भावाने फॉर्म भरला तेव्हा मामीला समोर बसवून सांगितलं होतं का? बहुतेक घरांत ते बोलणंच होत नाही. मग आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्री, तासाभरात, अवयवदानाचा एखादा अनोळखी समन्वयक तिला विचारतो. त्या घडीला तिने नाही म्हटलं तर मी तिला दोष देणार नाही.

रातराणी:
नव्हतं सांगितलं. दोष मीही देत नाही. पण इच्छा त्याची होती आणि ती मोडली गेली, ह्यावर मी कायम आहे.