मदत हवी आहे: ‘तुमच्या देशात असेच चालते का’ हा टोमणा अमेरिकी कायद्याने छळ ठरतो का?

नमस्कार. मी न्यू जर्सीतील एका मध्यम आकाराच्या कंपनीत लेखा विभागात काम करते. गेले काही महिने आमचे मॅनेजर बैठकीत सर्वांसमोर माझ्या उच्चारांची नक्कल करतात आणि हिशेबात कोणाचीही चूक निघाली, तरी ‘तुमच्या देशात असेच चालते का’ असे मलाच विचारतात. ग्रीन कार्ड नसलेल्यांना महत्त्वाचे काम देणार नाही, असेही ते एकदा बोलून गेले. वर्णाचा किंवा धर्माचा उल्लेख झालेला नसल्यामुळे हा भेदभाव नव्हे, असे एचआरचे म्हणणे आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या टायटल सेव्हनमध्ये, म्हणजे नोकरीतील भेदभावाला मनाई करणाऱ्या भागात, ‘राष्ट्रीय मूळ’ हा स्वतंत्र आधार आहे, एवढे मी वाचले आहे. पण त्यात नेमके काय बसते? या थट्टेत सामील होणारा एक सहकारी स्वतः भारतीयच आहे, याने फरक पडतो का?

प्रतिसाद:
एचआरचे म्हणणे चुकीचे आहे. ईईओसीच्या (नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी पाहणाऱ्या अमेरिकी केंद्रीय आयोगाच्या) नियमांत राष्ट्रीय मूळ म्हणजे केवळ पासपोर्टवरचा देश नव्हे. व्यक्तीचे किंवा तिच्या पूर्वजांचे मूळ स्थान आणि त्या समूहाची शारीरिक, सांस्कृतिक वा भाषिक वैशिष्ट्येही त्यात धरलेली आहेत, त्यामुळे उच्चारांची नक्कल आणि देशावरून मारलेले टोमणे दोन्ही त्यात येतात. छळणारा त्याच मूळचा असला, तरी तेवढ्याने तक्रार बाद होत नाही.

ग्रीन कार्डच्या वाक्यावर मात्र सारी भिस्त ठेवू नका. नागरिकत्व आणि राष्ट्रीय मूळ या वेगळ्या बाबी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये एस्पिनोझा विरुद्ध फराह खटल्यात ठरवले. नागरिकत्वाच्या आडून मूळच पाहिले जात असेल, तर गोष्ट निराळी.

खरी अडचण प्रमाणाची आहे. एखाददुसरा टोमणा सहसा पुरत नाही. वागणूक इतकी गंभीर किंवा इतकी सातत्याची हवी की कामाचे वातावरणच शत्रुत्वाचे व्हावे. मात्र त्यासाठी मानसिक आजार सिद्ध करावा लागत नाही. म्हणून तारीख, नेमके शब्द आणि उपस्थितांची नावे आजपासून लिहून ठेवा आणि एचआरला लेखी तक्रार द्या, कारण तोंडी बोलणे पुढे नाकारले जाते.

टायटल सेव्हन १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू होते, तर न्यू जर्सीच्या राज्य कायद्याला अशी मर्यादा नाही. ईईओसीकडे तक्रार करायला तुमच्या राज्यात घटनेपासून ३०० दिवसांची मुदत आहे, राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवसांची. छळाच्या मालिकेतील एक घटना मुदतीत असली, तर जुन्या घटनाही विचारात घेता येतात. एचआरच्या चौकशीने ही मुदत थांबत नाही, त्यामुळे कामगार कायद्याच्या वकिलाला आताच भेटा.