शब्दचर्चा : वारशाचं संरक्षण, जतन की संवर्धन?

प्रश्न
पेठेतल्या एका पेशवेकालीन हौदासाठी माहितीफलक लिहून द्यायचा आहे. मसुद्यात एकदा 'संरक्षण', मग 'जतन', शेवटी 'संवर्धन' असं झालंय. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? 'शाश्वत विकास'ही कुठेतरी यावा असा मंडळाचा आग्रह आहे. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद
'संवर्धन' लिहा. निविदांपासून वर्तमानपत्रांपर्यंत तोच रुळलाय.

प्रतिसाद
रुळलाय खरा, पण हौदासाठी तो वापरू नये असं माझं स्पष्ट मत. वर्धन म्हणजे वाढवणं. गोसंवर्धन, वनसंवर्धन बरोबर, कारण गुरं आणि झाडं वाढतात. दगडी वास्तू वाढवायची नसते. शनिवारवाड्याचंच बघा. 1828 च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. तट, बुरूज, दरवाजे आणि आतली जोती उरली. त्या जोत्यांवर उद्या नव्या भिंती उभ्या केल्या तर ती पुनर्बांधणी. जोती आहेत तशी राखणं, त्यांत पाणी मुरू न देणं, भेगेत रुजलेला पिंपळ वेळीच काढणं, हे जतन.

'जतन' मूळ 'यत्न'वरून आलाय, त्यामुळे रोजची मेहनत त्यात आहेच. हौदाच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, कशानं भरायच्या, हा जतनाचा प्रश्न. जुनं काम चुन्यातलं, आणि चुना ओल बाहेर सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या तोंडाशी येतात आणि खपल्या निघायला लागतात. सुशोभीकरणाच्या नावाखाली असं झालेलं दिसलं की जीव तुटतो.

'संरक्षण' हा कायद्याचा शब्द. 1958 च्या केंद्रीय कायद्याखाली शनिवारवाडा, पाताळेश्वर ही राष्ट्रीय महत्त्वाची संरक्षित स्मारकं आहेत. 2010 च्या दुरुस्तीनं संरक्षित हद्दीपासून 100 मीटर 'प्रतिबंधित' आणि त्यापुढचे 200 मीटर 'विनियमित' क्षेत्र ठरलं. पहिल्यात नवं बांधकाम बंद, दुसऱ्यात परवानगीनं. राज्याचा वेगळा कायदा 1960 चा. तुमचा हौद या दोन्ही कायद्यांखाली नसेल तर 'संरक्षित' लिहूच नका. वाचणारा समजेल की कायदा पाठीशी उभा आहे. महापालिकेच्या वारसा यादीत असेल तर 'वारसा वास्तू' आणि तिची श्रेणी, एवढं पुरे.

राज्यघटनेची मराठी प्रतही बघा. मूलभूत कर्तव्यांत, म्हणजे 51 क मध्ये, संमिश्र संस्कृतीचा वारसा 'जतन' करायला सांगितलंय आणि त्याच्या पुढच्याच खंडात वनं, सरोवरं, नद्या यांचं 'रक्षण' करून त्यात 'सुधारणा' करायला. मला ही निवड फार नेमकी वाटते.

प्रतिसाद
वरच्या प्रतिसादाशी सहमत. 'शाश्वत'बद्दल थोडं. हा शब्द आपल्या कानाला आत्म्यासाठी सवयीचा, म्हणून 'शाश्वत विकास' ऐकताना कधीच न थांबणारा विकास असा भास होतो. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाच्या 1987 च्या ब्रुंटलँड अहवालातला अर्थ असा, की आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील याला धक्का लागू द्यायचा नाही. म्हणजे टिकायला हवं ते पाणी, माती, टेकडी. टेकड्यांवरच्या बीडीपीचा, म्हणजे जैवविविधता उद्यानासाठीच्या आरक्षणाचा, वादही मुळात याचाच आहे.

फलकावर हा शब्द घालू नका असं सुचवेन. त्याऐवजी पाण्याची हकिकत लिहा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी बंदिस्त नळातून, नुसत्या उताराच्या जोरावर, शहरातल्या हौदांपर्यंत येत होतं. वाटेत हवा सुटायला उच्छ्वास बांधलेले. तुमचा हौद त्याच नळावरचा असेल तर हे अगदी ठळक लिहा.

प्रश्नकर्ती
खूप आभार. 'जतन' नक्की केलं. हौदाला लागून एक जुना उंबर आहे, त्याचाही उल्लेख करायचाय. त्यालाही 'जतन'च का?

प्रतिसाद
नाही, तिथे 'संवर्धन' शोभेल. वृक्षतोडीच्या राज्य कायद्यात 2021 पासून 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' म्हणतात, तो शब्द घ्या. 'जैवविविधता वारसा स्थळ' मात्र लिहू नका. तो दर्जा 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली जाहीर व्हावा लागतो. पुण्यात तो गणेशखिंड उद्यानाला मिळालाय. आणि उंबराची मुळं हौदाच्या भिंतीत शिरली असतील तर कुणाला परस्पर फांदीही तोडू देऊ नका. आधी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा, आणि चुन्याचं काम जाणणाऱ्या माणसाला भिंत दाखवा.