सिझर ठरलं तरी बरंच आपल्या हातात असतं

'बाळ पायाळू म्हणून सिझर ठरलंय, आता माझ्या हातात काय उरलं' असं विचारलंयस, तर बरंच उरतं गं. माझं पहिलं घाईत झालेलं, बाळ तासाभराने दाखवलं, म्हणून दुसऱ्या वेळी सांगलीत आधीच डॉक्टर आणि भूलवाले दोघांना भेटून सांगितलं की बाळ ठीक असेल तर नाळ मिनिटभर थांबून कापा आणि लगेच माझ्या छातीवर द्या. दिलं की! भूल कमरेतून असते, दुखत नाही पण आत ओढल्यासारखं, कुणी पिशवीत चिल्लर शोधतंय तसं वाटतं आणि मग दात वाजेपर्यंत थंडी, हे आधी माहीत नसलं की जाम घाबरायला होतं. नवऱ्याला आत घेतात का ते आत्ताच विचार, आमच्या ह्यांना नाही घेतलं, बाहेर चहा पीत बसले. जेवण साधारण ६ तास आधी बंद, पाण्याचं भूलवालेच सांगतील. नंतर खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची, पाजताना बाळ बगलेखाली घ्यायचं म्हणजे पोटावर भार येत नाही. आणि 'नॉर्मल का नाही झाली' विचारणाऱ्या मावश्या-आत्या नवऱ्याकडे पाठव, तेवढं तरी करू दे त्याला 😄